परण्यापुढचं मेटल

परभणीत आवाज फाटला की लोक तो दुरुस्त करून घ्यायचे. आम्ही मुद्दाम फाटलेला शोधत होतो. लग्नाला मंडप आणि भोंगे भाड्यानं देणाऱ्या एका चाचांकडं एक जुना अँप्लिफायर धूळ खात पडला होता. आमच्या गिटारवाल्यानं त्याला आपली गिटार जोडली आणि तारांवर हात मारला, तेव्हा भोंग्यातून जे काही बाहेर पडलं ते ऐकून समोरच्या हॉटेलातली माणसं हातातली बशी घेऊन रस्त्यावर आली. चाचा बिचारे ओशाळले. "बेटा, हे नका घेऊ. आवाज फाटायलाय त्याचा. हप्ताभर दम धरा, नीट करून देतो," ते म्हणाले. गिटारवाला त्यांच्या पाया पडायचाच बाकी होता. "नीट करू नका, चाचा. हातच लावू नका त्याला."

त्या फाटलेल्या आवाजालाच हेवी मेटल म्हणतात. मोठ्या शहरातली पोरं तसा आवाज काढायला परदेशातून यंत्रं मागवायची, आम्हाला तो बिघाडात मिळाला.

मागं पुण्याला पुतण्याकडं गेलो होतो. त्याचे मित्र जमले होते, सगळ्यांचे केस खांद्यापर्यंत आणि अंगात काळे टी-शर्ट. एखाद्या शहरात मेटलचा 'सीन' का उभा राहतो आणि का राहत नाही, यावर त्यांची जोरात चर्चा चालली होती. एक म्हणाला, वाजवायला जागा पाहिजे. दुसरा म्हणाला, चांगला स्टुडिओ पाहिजे. तिसऱ्याचं म्हणणं, ऐकणाऱ्याला इंग्रजी आलं पाहिजे. मी कोपऱ्यात चहा पीत बसलो होतो आणि माझं डोकं तापत चाललं होतं. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "आमचे काका पण वाजवायचे. परभणीत." सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले. तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, आणि पुतण्याच्या घरी भांडून सूनबाईला ताप द्यायचा नव्हता. म्हणून आता लिहितो.

आमचं गाव पालमकडचं. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला त्या वर्षी गावात आमची वस्ती पेटवली. मी लहान होतो. मला जाळ फारसा आठवत नाही, आवाज आठवतो. आमच्या घरावर पत्रे होते, आणि पेटवायच्या आधी त्यांनी त्या पत्र्यांवर दगड मारले. आधी एखाद-दुसरा, मग नुसता वर्षाव. आई मला पोटाशी धरून चुलीपाशी बसली होती आणि प्रत्येक दगडाला तिचं अंग दचकत होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, परभणीला एका कचेरीत कारकून होते. त्या दिवशी ते गावातच होते म्हणून आम्ही वाचलो. त्यांनी पहारीनं मागची भिंत फोडली आणि आम्हाला उसाच्या फडात नेलं. तिथून आम्ही परभणीला त्यांच्या खोलीवर आलो ते कायमचे. गावाकडं पुन्हा कोणी तोंड केलं नाही.

पुढं कॉलेजात हा गिटारवाला भेटला. घरची बख्खळ जमीन, चुलत्याची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आणि स्वभावानं इतका मोकळा की पैसे कुठं ठेवले हे त्यालाच माहीत नसायचं. त्याचा भाऊ हैदराबादला शिकायला होता. त्यानं एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि नकलेची नक्कल केलेल्या दोन-चार कॅसेट आणल्या होत्या. त्यातली एक त्यानं मला ऐकवली. गिटार सुरू झाली, मग मागून ड्रम आले, एकामागून एक, श्वास घ्यायला जागा न ठेवता, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो म्हणाला, "लय भारी हाय ना?" मला भारी-बिरी काही वाटलं नव्हतं. मला आमच्या घराचे पत्रे ऐकू आले होते. फरक एवढाच, की इथं आपण पत्र्याखाली बसलेलो नव्हतो. इथं मारणारा हात आपला होता. मी त्याला तिथंच सांगितलं, की ड्रम मी वाजवणार.

ड्रम होते कुठे? बंद पडलेल्या एका लग्नाच्या बँडकडून एक ताशासारखा छोटा ड्रम आणि एक मोठा ढोल मिळाला. ढोल आडवा ठेवून तो पायानं वाजवायला एका वेल्डरनं सायकलच्या पायडलची कसलीशी करामत करून दिली. झांजेच्या जागी दोरीनं टांगलेली पितळी परात. परात आईची. ती कुठं गेली म्हणून आईनं शेजारणीशी भांडणही करून घेतलं होतं.

कापसाचा हंगाम संपला की जिनिंग बंद असायची. तिथल्या मोकळ्या गोदामात आम्ही वाजवायचो. गिटारवाला दार लावून घ्यायचा, भोंगा ओरडायला लागायचा, आणि पत्र्याच्या छपरातून जुन्या कापसाची लव खाली गळायची. ती नाकातोंडात जायची, आम्ही खोकायचो आणि वाजवायचो. माझ्या हाताची सालं निघायची. परातीच्या काठानं बोटं कापायची, रक्त चामड्यावर उडायचं, आणि मला त्याचं समाधान वाटायचं. मी तिथं कोणाकोणाला मारत होतो ते माझं मला माहीत होतं. गावातले चेहरे मला दिसायचे. मोठ्यानं काही न बोलता मी त्यांना दुपारभर झोडपायचो आणि संध्याकाळी घरी येऊन मुकाट जेवायचो.

गायक आम्हाला एसटी स्टँडवर सापडला. तो काळीपिवळी जीपला गिऱ्हाईक बोलवायचा. "पालम पालम पालम, गंगाखेड, चलो गंगाखेड!" एवढ्या गोंगाटात त्याचा आवाज स्टँडच्या या टोकापासून त्या टोकाला स्वच्छ जायचा, आणि वर तो आवाज कुऱ्हाडीसारखा. गिटारवाल्यानं त्याला कॅसेट ऐकवली. त्यानं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "ये आदमी बी जीपच भरायलाय." इंग्रजी त्याला ओ का ठो कळत नव्हतं, आम्हाला तरी कुठं कळत होतं. म्हणून तो जे रोज ओरडायचा तेच गाऊ लागला. "पोखर्णी! पालम! वालूर, वालूर, वालूर!" आमचं पहिलं गाणं म्हणजे थांब्यांची नावं. खरं सांगतो, त्या तोडीचं मी नंतर ऐकलं नाही.

आता सीन का उभा राहत नाही ते सांगतो. त्या वर्षांत नामांतराच्या मोर्च्यांनी आणि त्याविरुद्धच्या मोर्च्यांनी सगळा मराठवाडा तापलेला होता. जरा काही झालं की शहरात जमावबंदी. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस धावायचे. आम्ही तिघं आणि ऐकायला दोन मित्र आले की आमची मैफल गुन्हा ठरायची. शिवाय आमचे केस वाढलेले. एकदा जिनिंगवरून परतताना मी आणि गिटारवाला दोघंही नाक्यावर अडवले गेलो. हवालदारानं आधी गिटारवाल्याचे केस मुठीत धरले. "कोनत्या मोर्च्याला निघालास रे? आडनाव सांग." त्यानं सांगितलं. मूठ सुटली. "पाटलाच्या घरचे तुमी आन हे असं ध्यान करून फिरायलाव? घरी जावा." मग माझी पाळी आली. माझं आडनाव ऐकल्यावर त्यानं दुसरा प्रश्नच विचारला नाही. काठी पहिल्यांदा पोटरीवर बसली, मग पाठीवर, मग मी खाली पडलो तिथं जिथं सापडेल तिथं. गिटारवाला मध्ये पडत होता, "साहेब, तो माझ्यासंगं हाय," असं ओरडत होता, आणि त्याला कोणी बोटही लावत नव्हतं. घरी जाताना त्यानं मला सायकलवर पुढं बसवलं. तो रडत होता. मी त्याला म्हणालो, रडू नको, मला तुझ्या रडण्याचाच ताप व्हायलाय.

पाठीवरचे वळ आईनं पाहिले, तिनं आण्णांना सांगितलं, आणि मी कुठं जातो याचा शोध सुरू झाला. आण्णा कचेरीतून परस्पर जिनिंगवर आले. गोदामाचं दार उघडलं तेव्हा मी डोळे मिटून वाजवत होतो. गिटार थांबली म्हणून मी डोळे उघडले. समोर आण्णा, हातात जेवणाचा डबा, आणि चेहरा असा की मी तो चेहरा त्याआधी एकदाच पाहिला होता, भिंत फोडताना.

त्यांनी डबा खाली ठेवला. छोट्या ड्रमवर पाय दिला आणि चामडं फोडलं. मग माझ्या हातातली काठी घेतली आणि तिनंच मला मारायला सुरुवात केली. माझे आण्णा म्हणजे मुंगीला वाट देणारा माणूस. त्यांनी मला खांद्यावर, दंडावर, मांडीवर काठी मोडेपर्यंत मारलं. काठी मोडल्यावर हातानं मारलं. "बाप वाजवायचा आमचा! पाटलाच्या बैलापुढं पोळ्याला हलगी वाजवायचा! आमी ते सोडलं म्हनून घर जाळलं आमचं! आन तू हितं येऊन पुन्हा वाजवायलास? त्यांच्याच जिनिंगमदी?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा हलगीची हकिकत कळली. आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला तेव्हा गावकीची सगळी कामं सोडली. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, दवंडी सोडली, वाजवणंही सोडलं. वस्तीतल्या हलग्या एका ढिगात घालून पेटवल्या. हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात, म्हणजे चामडं ताणतं आणि आवाज चढतो. आण्णा म्हणाले, त्या दिवशी जाळात पडल्यावर हलग्या आपोआप वाजायला लागल्या आणि मग एकेक करून फुटल्या. आजोबा तोंड फिरवून बसले होते. आण्णांनी स्वतःची छोटी हलगी स्वतःच्या हातानं जाळात टाकली होती. पुढं कित्येक वर्षांनी पोळ्याला वाजवायला या म्हणून निरोप आला, आमच्या वस्तीनं नाही म्हटलं, ती अढी गावानं मनात धरली, आणि नामांतराच्या निमित्तानं काडी लावली.

मला आण्णांचं दुःख कळलं नाही असं नाही. पण मी विशीतला होतो आणि पेटलेला होतो. मी त्यांना तोंडावर म्हणालो, "आण्णा, मी कोनाच्या बैलापुढं वाजवीत न्हाई. मी माझं वाजवायलोय." ते म्हणाले, "वाजवणारा कोनाम्होरं वाजवतो ते वाजवणारा ठरवीत नसतो." तेव्हापासून आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोलणं टाकलं. मला ते माझं वाजवणं आहे हे दाखवून द्यायचं होतं. एकदा तरी लोकांसमोर, आमच्या अटीवर, आमचा फाटका आवाज घेऊन उभं राहायचं, आणि आण्णांना सांगायचं, की बघा, ही हलगी नाही. माझं सगळं त्यावरच अडलेलं होतं. ड्रमला नवं चामडं चढवलं आणि चोरून पुन्हा जिनिंगवर जायला लागलो.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आमचं नाव लागलं होतं. जमावबंदी आली आणि संमेलन रद्द झालं. आम्ही महिनाभर तोंड पाडून फिरलो. तेवढ्यात गिटारवाला धावत आला. वालूरला त्याच्या मामाच्या पोराचं लग्न होतं. त्याच्या आईनं कौतुकानं भावाला सांगितलं होतं, की आमच्या पोरानं बँड काढलाय. मामा म्हणाले, मग दुसरा बँड कशाला शोधायचा? परण्यापुढं भाच्याचाच बँड लावू. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्या मिरवणुकीला आमच्याकडं परण्या म्हणतात.

चूक कोणाची म्हणायची? आमच्या भागात बँड म्हणजे लाल कोट, पिपाण्या आणि नवरदेवापुढं नाचणारी माणसं. दुसरा कुठला बँड असतो हे सांगायला भाषाच नव्हती. गिटारवाल्याला ते मामाला समजावून सांगता आलं असतं, पण त्यानं सांगितलं नाही, कारण त्याला वाजवायचं होतं. मलाही वाजवायचं होतं. गायक तेवढा म्हणाला, "लगन में ये बजाये तो दुल्हा घोडेसे गिरता." आम्ही हसलो. आण्णांना मी काहीच सांगितलं नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्हाला उभं केलं. एका कोपऱ्यात जनरेटर, भोंगा ट्रॅक्टरच्या छताला बांधलेला, मध्ये माझे ड्रम, मागं घोड्यावर नवरदेव आणि सगळं गाव. दुपार उतरली होती. गिटारवाल्यानं सुरुवात केली, मी आडवा ढोल धडधडवला, आणि गायकानं त्या परण्यापुढं पोट फाडून हाक घातली, "वालूर! वालूर! वालूर!" घोडा उधळला. दोन माणसं त्याच्या लगामाला लोंबकळली. बाया पदर कानावर धरून मागं सरल्या. पण तरण्या पोरांना काय झालं कोणास ठाऊक, आपल्याच गावाचं नाव भोंग्यातून असं गर्जताना ऐकून ती चेकाळली. ती एकमेकांच्या अंगावर आदळायला लागली, धुळीत लोळायला लागली, वालूर वालूर ओरडायला लागली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर वेळ होता. मला वाटलं, जिंकलो.

मग मामांनी हात वर करून ट्रॅक्टर थांबवला. ते प्यालेले होते आणि फार खुशीत होते. ट्रॉलीला टेकून ते माझ्याकडं बघत राहिले. "हा कोनाचा रे?" त्यांनी भाच्याला विचारलं. भाच्यानं भोळेपणानं माझं आडनाव सांगितलं, गावही सांगितलं. मामांचा चेहरा उजळला. "आरं, तुझ्या आज्याला मी पाह्यलंय! त्या गावात माझी थोरली बहीन दिली व्हती. पोळ्याला काय हलगी वाजवायचा तो मानूस! वाजवता वाजवता मागं वाकायचा आन जमिनीवरची नोट तोंडानं उचलायचा. कधी पापनीनं उचलायचा. हात लावायचा न्हाई. तसा मानूस पुन्हा झाला न्हाई." आणि खिशातून नोट काढून त्यांनी ती माझ्या ड्रमपुढं ट्रॉलीच्या फळीवर ठेवली. "तुझ्यात हाय का ते रगत? उचल. हात न लावता."

ते मला शिव्या देत नव्हते, माझं कौतुक करत होते. म्हणूनच मला काय करावं ते सुचेना. माझे हात थांबले. जनरेटर तेवढा घरघरत होता. खालून लोक ओरडायला लागले, "उचल! उचल!" आणि मघाशी माझ्या तालावर आदळणारी तीच पोरं आता माझ्या तोंडाकडं बघत टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात गिटारवाला वाकला. गिटार गळ्यात तशीच होती. त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले, गुडघे टेकले, फळीवरची नोट दातांत धरली आणि उभा राहिला. नोट तोंडात, हात पसरलेले, चेहऱ्यावर हसू. त्याला वाटलं, वेळ निभावली. अर्धी माणसं हसलीसुद्धा. मामांचं हसू मात्र जागच्या जागी सुकलं. त्यांनी भाच्याच्या केसाला धरून त्याला ट्रॉलीवरून खाली ओढलं आणि सोयऱ्यांसमोर फाडफाड मुस्काटात मारल्या. "त्यांचं काम तू करायलास? साऱ्या पावण्यात नाक कापलंस!" मग चुलते, भाऊबंद, सगळे आले. घरच्या माणसांनी घरच्या पोराला लाथांनी तुडवलं. त्याच्या तोंडातून रक्त आणि नोटेचा लगदा बाहेर पडताना मी पाहिला.

आणि कोणीतरी म्हणालं, "ह्यानंच बाटवलं पोराला." मग सगळे माझ्याकडं वळले.

मी परात ओढून काढली आणि जो पहिला वर चढला त्याच्या तोंडावर हाणली. दुसऱ्याला लाथ घातली. मी कोणाला घाबरलो नाही, खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला फक्त मारायचं होतं, आणि ज्यांना मी गोदामात इतके महिने मारत होतो ते सगळे समोर आयते आले होते. पण ते फार होते. पाय धरून त्यांनी मला खाली खेचलं. मी ट्रॉलीच्या मागच्या कडेला उजव्या हातानं गच्च धरून राहिलो. सोडला असता तर गर्दीत पडलो असतो आणि मेलो असतो. तेव्हा कोणीतरी ट्रॉलीचा लोखंडी फाळका, म्हणजे मागची झडप, उचलला आणि माझ्या मनगटावर दाणकन बंद केला. एकदा नाही. मी सोडेपर्यंत.

गायकानं मला ओढून काढलं. त्याचा ओठ फाटला होता, सदऱ्याची एक बाही गेली होती. त्यानं स्टँडवरच्या ओळखीची एक जीप अडवली आणि मला मागच्या सीटवर आडवं टाकलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, की हाड जुळेल, पण मनगट आता वळणार नाही.

आण्णांनी मला काही विचारलं नाही. रजा काढून ते माझ्या उशाशी बसायचे, आपल्या हातानं मला भाकरीचा घास द्यायचे. मला वाटायचं, हे एकदा म्हणतील, मी सांगितलं होतं. ते म्हणालेच नाहीत. मला आण्णांचा राग नव्हता, मामाचाही तेवढा नव्हता, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाच काय होती. माझा सगळा राग गिटारवाल्यावर होता. तो का, हे मला नीट सांगता येत नव्हतं. त्यानं माझ्यासाठी मार खाल्ला होता, आणि मी त्याचं तोंड पाहायला तयार नव्हतो.

एका संध्याकाळी तो आला. एक डोळा अजून बंद होता, चालताना बरगडीवर हात धरत होता. घरातून त्याला काढून दिलं होतं, तो मित्राच्या खोलीवर राहत होता. आईनं त्याला खाटेवर बसवून चहा दिला. तो आण्णांना म्हणाला, "काका, नोट मी उचलली. याच्यावर पाळी येऊ नये म्हनून." मी भिंतीकडं तोंड केलं.

आण्णांनी विचारलं, "लय लागलं का, बाळा?"

"लागलं, काका."

"तू चांगल्या मनानं केलंस. मला मालूम हाय. पर कामून उचललीस?"

त्याला प्रश्न कळला नाही. "मंग काय करायचं व्हतं?"

"पडू द्यायची. मी माझ्या बापाला उचलताना पाह्यलंय. लहान व्हतो, मीबी टाळ्या वाजवल्यात. त्यो उचलत व्हता म्हनून ते टाकत व्हते. तुज्या मामानं नोट टाकली, तिला उचलायला कोनीच निघालं नसतं, तर काय केलं असतं त्यानं? सवताच वाकला असता. तू उचललीस आन त्याचं टाकनं खरं करून दिलंस."

माझ्या रागाला तोवर नाव नव्हतं, ते आण्णांनी दिलं. मग ते माझ्याकडं वळले.

"आन तू? नोट टाकली तवा तू काय करीत व्हतास?"

"वाजवीत व्हतो."

"मंग?"

"मंग थांबलो."

"कामून थांबलास?"

वाजवतो म्हणून ज्यांनी मला काठी मोडेपर्यंत मारलं, तेच आता मला विचारत होते, की थांबलास का. आण्णांचे डोळे लाल झाले होते आणि आवाज चढला होता. "माझ्या बापाला थांबायची सोय नव्हती. त्यो त्यांचं वाजवीत व्हता. तू तर तुझं वाजवीत व्हतास ना? तूच म्हनला व्हतास मला. मंग नोट पडू द्यायची आन वाजवीत ऱ्हायचं, त्यांचे कान फुटंपर्यंत वाजवायचं!"

आई चुलीपाशी उभी होती. गिटारवाला रडत होता, आणि या वेळी मलाही रडू आवरलं नाही.

मग आण्णा माझ्या प्लास्टरला हात लावून म्हणाले, "हे कधी काढनार?"

"काढतील पुढच्या महिन्यात. पर मनगट वळनार न्हाई म्हनले डॉक्टर."

"बिल्कुलच न्हाई?"

"बिल्कुलच न्हाई."

आण्णांनी माझा दुसरा हात उचलला, आपल्या तळव्यावर ठेवला आणि बोटं एकेक करून वाकवून पाहिली.

"आन ह्यो?" त्यांनी विचारलं.